समोरच्याची पाळ

वाराणसीच्या गादीवर जयसेन राजा बसला होता त्या काळी बोधिसत्त्व राज्याच्या अगदी टोकाला, करंजग्राम नावाच्या खेड्यात, पाटकऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. पाटकरी म्हणजे तळ्याचे पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचे ते ठरवणारा माणूस. त्याचे नाव भद्रक. पाणी वाटता वाटता त्याचे केस पिकले, पण कोणाच्या वाट्याचे ओंजळभर पाणी त्याने इकडचे तिकडे केले नाही. सारे गाव त्याला भद्रकबाबा म्हणत असे.

करंजग्रामच्या पलीकडे वेळूग्राम. तिथून कोसल राजाची हद्द सुरू होई. राजे दोन असले तरी तळे एकच होते. ते दोन टेकड्यांच्या मध्ये साठे, आणि त्याला अडवणारी मातीची पाळ मधल्या एका उंच कातळाला दोन्ही बाजूंनी येऊन टेकलेली होती. कातळाच्या पूर्वेची पाळ करंजग्रामची, पश्चिमेची वेळूग्रामची, आणि ज्याच्या त्याच्या पाळीखाली ज्याची त्याची शेते. मात्र दोहोंपैकी कुठलीही पाळ फुटली तरी सगळे तळे रिकामे होई.

मग दोन राजांचे बिनसले. युद्ध तीन वर्षे चालले. काशीच्या सैन्याने वेळूग्रामची पाळ फोडून शेते बुडवली, कोसलच्या सैन्याने करंजग्रामची फोडली. घरे जळाली, गुरे गेली, माणसे गेली. त्यात भद्रकाचा एकुलता एक मुलगाही गेला. शेवटी राजे थकले, तह झाला, आणि सैन्ये आपापल्या नगरांत परतली. तळ्याच्या जागी भेगाळलेली काळी माती तेवढी उरली.

तहानंतर जयसेन राजाला पश्चात्ताप झाला. त्याने पिंगल नावाच्या अमात्याला शंभर सैनिक, साठ बैलगाड्या, घडीव दगड आणि धान्य देऊन करंजग्रामला पाठवले. ज्येष्ठी पौर्णिमेच्या आत पाळ उभी राहिली पाहिजे, अशी आज्ञा होती. कारण उघड होते. यंदा पाणी साठले नाही तर गाव उठून जाणार होते. निम्म्या घरांनी गाठोडी बांधूनच ठेवली होती.

हा पिंगल मोठा चौकस माणूस. कुठेही गेला तरी हे असे का आणि ते तसे का, असे विचारून समोरच्याला भंडावून सोडायचा. मन मात्र लोण्यासारखे मऊ. कोणाचे दुःख पाहिले की त्याचे हात लगेच शिवशिवू लागत. आता तुम्ही म्हणाल, अमात्याला याहून चांगले गुण ते कोणते हवेत? ऐका तर खरे.

पिंगल गावात पोचला तेव्हा घरांत माणूस नव्हते. करंजग्रामच्या पाळीत पंधरा हात रुंदीचे खिंडार पडले होते, आणि त्या खिंडाराशीही कोणी नव्हते. शोधत शोधत तो कातळ चढून पलीकडे गेला आणि पाहतच राहिला. करंजग्रामचे सगळे लोक, बाया आणि म्हातारेसुद्धा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मातीची पाटी घेऊन वेळूग्रामच्या पाळीतले खिंडार बुजवत होते. ज्यांच्या राजाने आपली घरे जाळली त्यांची पाळ ही माणसे बांधत होती, आणि स्वतःची तशीच उघडी पडली होती. सर्वांत पुढे भद्रक होता. तो माती ओती, माती बसवायचे जड धुमस उचलून ती ठोकी, आणि वाकून हाताने ढेकळे फोडी.

पिंगलाने त्याला सावलीत बसवले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. भद्रकाने शांतपणे सांगितले की ही इथली जुनी रीत आहे. आपल्या बाजूची पाळ आपण बांधायची नाही, ती समोरच्या गावाने बांधायची आणि आपण त्यांची. त्याच्या पणजोबांच्याही आधीपासून असेच चालत आले होते.

पिंगलाने विचारले, असे का? भद्रक हसला. म्हणाला, "अमात्य, स्वतःच्या पाळीत ढेकूळ राहिलं तर माणूस म्हणतो, बघू पुढच्या वर्षी. दुसऱ्याच्या पाळीत राहिलं तर झोप लागत नाही."

पिंगलाला हे उत्तर फार आवडले. पण लगेच दुसरी शंका आली. वेळूग्रामचे लोक कुठे आहेत? त्यांना निरोप धाडला का? भद्रक म्हणाला, नाही. मग ते येणार कसे? त्यावर म्हाताऱ्याने नुसती पाटी उचलली आणि तो पुन्हा कामाला लागला. पिंगलाने शंभर सैनिक लगेच देऊ केले. भद्रकाने हात जोडले, धान्य घेतले, आणि आमच्या बाजूचे खिंडार तेवढे आहे तसे राहू द्या, अशी विनंती केली.

पिंगलाला काही हे उलगडेना. तो रोज कातळावर जाऊन बसू लागला. वेळूग्रामच्या बाजूला बांबूचे दाट बेट होते. त्याच्या आडून कोणीतरी पाहते आहे हे त्याच्या लक्षात आले, पण पाहणारे बाहेर येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी पाळीवर पाण्याचा एक माठ दिसला. वर ओले फडके बांधलेले. पिंगलाने सगळ्यांना विचारून पाहिले, पण तो कोणी ठेवला हे कोणी सांगेना. भद्रकाने माठाला हात जोडले आणि पहिला घोट घेतला. त्याच्यामागून सगळे प्यायले. पाचव्या दिवशी माठ दोन झाले. सहाव्या दिवशी कातळाच्या कडेला वेताच्या रिकाम्या पाट्या पालथ्या घालून ठेवलेल्या आढळल्या. कोणी विसरून गेले असेल, असे पिंगलाला वाटले. त्याने त्या उचलून गाडीत टाकायला सांगितले, तेव्हा भद्रक धावत आला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. पाट्यांना हात लावू नका, एवढेच तो म्हणाला, आणि मग हळूच म्हणाला, "आता थोडी कळ काढा."

"किती दिवस?"

"ते पाट्या ठेवणाऱ्याला ठाऊक."

पिंगलाला कोडे काही सुटले नाही, आणि कोडे सुटले नाही की त्याचा जीव वरखाली होई. त्याला समोर दिसत होता तो भद्रकाचा सोललेला खांदा. दिसत होती दाराशी बांधून ठेवलेली गाठोडी. गावातही कुजबुज सुरू झाली होती. सात दिवस आपण त्यांच्यासाठी मरमर मरतो आहोत, त्यांच्यातले एक माणूस तरी फिरकले का? हे ऐकून पिंगलाला रात्री जेवण गेले नाही. या भोळ्या लोकांना कोणीतरी वाचवायला हवे आणि ते आपणच, असे त्याच्या मनाने घेतले.

आठवा दिवस वैशाखी अमावस्येचा होता. त्या दिवशी तिथले लोक मातीला हत्यार लावत नसत. सारे करंजग्राम वृक्षदेवतेच्या पूजेला टेकडीपलीकडे गेले. तेवढी संधी पिंगलाला पुरे झाली. त्याने शंभर सैनिक आणि साठ गाड्या कामाला जुंपल्या. सकाळी माती पडू लागली, दुपारी दगड बसले, आणि दिवस मावळायच्या आत करंजग्रामचे खिंडार बुजून त्यावर राजमुद्रेचा दगड आणि काशीचा ध्वज उभा राहिला. ही पाळ मोडील त्याचा हात तोडला जाईल, अशी दवंडीही रिवाजाप्रमाणे देऊन झाली. काम दृष्ट लागण्यासारखे झाले होते. पिंगल त्या संध्याकाळी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच बांबूच्या बेटातून माणसे बाहेर पडली. चाळीसेक असतील. पुढे एक उंच, करड्या केसांची बाई होती. तिचे नाव माळवी. वेळूग्रामात तिचा शब्द चाले. त्यांनी कातळाकडेच्या पाट्या उचलल्या, चुंबळी डोक्यावर ठेवल्या आणि कातळ ओलांडून ते करंजग्रामच्या बाजूला उतरले. करंजग्रामचे लोकही तोवर पाळीवर येऊन पोचले होते. तीन वर्षांनी दोन्ही गावे समोरासमोर उभी राहिली.

माळवी नव्या पाळीपाशी गेली. तिने दगडावरून तळहात फिरवला, ध्वजाकडे पाहिले, राजमुद्रेकडे पाहिले. मग डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली, आणि आल्या वाटेने परत निघाली. तिच्यामागून सगळे गेले. जाताना पाट्याही घेऊन गेले.

पिंगल हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाला होता. त्याचे हसू तोंडावरच राहिले. त्याने वळून पाहिले तर भद्रक मटकन खाली बसला होता. गेल्या आठ दिवसांत हा म्हातारा पहिल्यांदाच म्हातारा दिसत होता.

पिंगल त्याच्याजवळ जाऊन बसला. काम तर झाले, मग ही माणसे का गेली, आणि तुम्ही असे का बसलात, असे त्याने विचारले.

माळवी गेली त्या वाटेकडे भद्रकाने पाहिले. मग म्हणाला, "अमात्य, तुम्ही इतकं सगळं विचारलंत. एक तेवढं नाही विचारलंत. एवढी भक्कम पाळ सैन्यानं एका दिवसात फोडली कशी?"

पिंगल वळून नव्या पाळीकडे पाहू लागला.

"पाळीत एखादी कच्ची जागा असतेच. ती बांधणाऱ्यालाच माहीत असते. वेळूग्रामची पाळ आम्ही बांधलेली, तिची कच्ची जागा फक्त आम्हाला ठाऊक. काशीच्या सेनापतीनं विचारलं आणि माझ्या मुलानं बोट दाखवलं. त्यांची शेतं बुडाली, गोठ्यात बांधलेली जनावरं बुडाली. आमच्या पाळीचंही तसंच झालं. ती त्यांनी बांधलेली, तेव्हा त्यांच्यातल्याही कुणीतरी बोट दाखवलं असणार."

त्याने मातीचे एक ढेकूळ उचलले आणि बोटांनी चुरले.

"मी तिकडे माती वाहत होतो ती नुसती पाण्यासाठी नव्हे. मुलाच्या वतीनं तोंडानं काही बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून पाटी उचलली. त्यांचीही तीच गत होती. आज त्यांनी पाटी उचलली होती. तुम्ही आमचं खिंडार बुजवलंत खरं, पण त्यांना आमच्याकडे यायला तेवढीच एक वाट होती हो."

आठ दिवस पिंगल माठ मोजत बसला होता, पाट्या पाहत बसला होता. दिसत सगळे होते आणि कळले काहीच नव्हते. शरमेने त्याची मान खाली गेली. शेवटी त्याने विचारले, "आता मी काय करू?"

"मला नका विचारू," भद्रक म्हणाला. "तिला विचारा."

पिंगलाने तलवार काढून ठेवली, पागोटे काढून ठेवले, आणि काशीचा तो अमात्य एकटा कोसलच्या हद्दीत शिरला. वाटेत कोणी त्याला अडवले नाही, कोणी रामराम केला नाही. माळवी आपल्या अर्ध्या जळालेल्या घराच्या भिंतीला माती लिंपत बसली होती. तिने हात थांबवला नाही.

"माई, माझं चुकलं," पिंगल म्हणाला. "काय चुकलं ते मला अर्धंच कळलंय. काय करू, ते तुम्ही सांगा."

माळवीचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिले.

"बोट माझ्या नवऱ्यानं दाखवलं," ती म्हणाली. "पुढे लढाईत तो गेला, पण ते बोट काही जळलं नाही. सात दिवस मी त्या भद्रकबाबांना बघत होते. मुलगा गमावलेला माणूस आमच्या पाळीतली ढेकळं फोडतोय. सहाव्या दिवशी पाट्या ठेवल्या, पण पाय उचलेना. आठव्या दिवशी अमावस्या आली. नवव्या दिवशी कसाबसा पाय उचलला, तर तिथं तुमचा झेंडा."

"तो मी काढतो."

"झेंड्याचं काय घेऊन बसलात? जे बुजवलंत ते उघडा. आमचं काम आम्हाला परत द्या."

पिंगल परतला. त्याने सैनिकांना पाळ मोडायला सांगितले तेव्हा ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. हात तोडण्याची दवंडी आदल्याच दिवशी त्यांच्या देखत झाली होती, आणि ती देणारा हाच माणूस होता. पिंगलाने त्यांना दोष दिला नाही. त्याने एका गाडीतून कुदळ घेतली, पाळीवर चढला आणि राजमुद्रेच्या दगडाखाली पहिला घाव स्वतः घातला. सवय नसलेला हात तो. दहा घावांत तळव्याला फोड आले, पण तो थांबला नाही. दगड हलून खाली गडगडला, तेव्हा सैनिकही हळूहळू वर चढले.

दोन दिवसांत खिंडार पुन्हा होते तसे झाले. पौर्णिमेला तेरा दिवस उरले होते. पिंगल उघड्या खिंडाराच्या काठी जाऊन बसला. त्याने कोणालाही निरोप धाडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही न करता वाट पाहत होता, आणि ते काम कुदळ मारण्याहून जड आहे असे त्याच्या ध्यानात आले.

त्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माळवी कातळ उतरून आली. मातीने भरलेली पाटी तिच्या डोक्यावर होती. खिंडाराशी येऊन तिने पाटी रिकामी केली आणि वाकून ढेकळे फोडू लागली. भद्रक पलीकडच्या पाळीवरून कातळावर आला होता. तो वरूनच पाहत राहिला. माळवीने मान वर केली, दोघांची नजरानजर झाली. ती म्हणाली, "बाबा, तिकडचं धुमस रिकामं असेल तर पाठवा." भद्रकाने ते स्वतः खांद्यावर घालून खाली आणले. कोणाच्या तोंडून क्षमेचा शब्द निघाला नाही, आणि लोक सांगतात की तो कोणाला हवाही वाटला नाही. भद्रक मात्र मुलगा गेल्यापासून जे रडला नव्हता ते त्या दिवशी रडला.

मग सगळे वेळूग्राम आले. पिंगलही पाटी उचलायला पुढे झाला, तेव्हा माळवीने त्याला अडवले. तुम्ही ना या गावचे ना त्या गावचे, तुमची पाटी कुठल्या पाळीवर टाकायची, असे ती म्हणाली. त्यावर सगळे हसले, पिंगलसुद्धा. आता शहाणा झालेला पिंगल म्हणाला, मग माझ्याजवळचे तुम्हाला काय उपयोगी पडेल ते सांगा. दोन्ही गावच्या जाणत्यांनी बसून विचार केला. युद्धात त्यांचे बैल गेले होते, आणि माती तुडवायला बैल हवे होते. घडीव दगड नकोत, सैनिक नकोत, साठ गाड्यांचे बैल तेवढे द्या, असे त्यांनी सांगितले. पिंगलाने बैल दिले. ते दोन्ही पाळींवर आळीपाळीने फिरले आणि माती लोखंडासारखी घट्ट बसली. पौर्णिमेला तीन दिवस असताना दोन्ही खिंडारे बुजली. करंजग्रामच्या घरोघरी गाठोडी सुटली.

पिंगल वाराणसीला परतला तेव्हा राजाने विचारले, किती हात पाळ बांधलीस? पिंगल म्हणाला, "महाराज, एकही हात नाही. पंधरा हात बांधली होती, ती आपल्या मुद्रेसकट मीच मोडली." आणि त्याने फोड आलेले दोन्ही हात पुढे केले. राजा संतापला. पण सगळी हकीकत ऐकल्यावर, हे हात ठेवण्यासारखे आहेत, एवढेच तो म्हणाला.

पाच वर्षांनी कोसल देशात नवा राजा आला आणि पुन्हा तलवारी निघाल्या. कोसलचा सेनापती वेळूग्रामात उतरला. करंजग्रामच्या पाळीची कच्ची जागा कोणती, असे त्याने विचारले. ती पाळ वेळूग्रामच्या लोकांनी पाटी पाटी करून बांधली होती, तिच्यातले ढेकूळ न् ढेकूळ त्यांना ठाऊक होते. माळवी तेव्हा फार थकली होती. ती म्हणाली, "आम्हाला काय ठाऊक? ती पाळ त्यांची." आठ दिवसांनी काशीचा सेनापती करंजग्रामात आला. त्याने भद्रकाला वेळूग्रामच्या पाळीबद्दल तेच विचारले आणि त्याला तेच उत्तर मिळाले. दोन्ही सेनापतींनी धाक घालून पाहिला, आमिष दाखवून पाहिले. कोणीही बोट उचलले नाही. एवढी पाळ खणत बसायला सैन्याला सवड नव्हती. सैन्ये पुढे निघून गेली आणि तळे भरलेले राहिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात एका भिक्षूला सांगितली. तो भिक्षू मोठा कामसू होता. भांडणात जळालेल्या एका वाडीला त्याने कोणालाही न विचारता विश्रामशाळा बांधून दिली होती, आणि तिथे कोणी पाऊल टाकत नाही म्हणून तो खट्टू होऊन बसला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा अमात्य पिंगल तो तूच. राजा जयसेन म्हणजे आनंद, माळवी म्हणजे भिक्षुणी क्षेमा, दोन्ही गावचे लोक म्हणजे आज इथे बसलेली परिषद, आणि पाटकरी भद्रक तो मीच होतो. लोक हिला दानाची कथा म्हणतील. पण पाटी तर सारेच उचलतात. समोरच्याच्या पाटीसाठी जागा उघडी ठेवून वाट पाहत राहणे, ही क्षांती, म्हणजे सोशिक धीर, आणि त्या जन्मी मी ती पुरी केली."

तो भिक्षू उठला, त्याने वंदन केले, आणि त्याच पावली वाडीकडे निघाला. तुम्हाला काय हवे आहे, हे विचारायला.